माशाच्या पाठीवरचे घड्याळ

25 फेब्रुवारी 2013 च्या संध्याकाळी श्रीहरिकोटा येथून पीएसएलव्ही-सी20 या अग्निबाणाने उड्डाण केले, तेव्हा तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी स्वतः तेथे उपस्थित होते. त्या उड्डाणातील मुख्य उपग्रह इस्रो आणि फ्रान्सची अंतराळसंस्था सीएनईएस यांनी मिळून बांधला होता. त्याचे नाव ‘सरल’. नाव भारतीय कानांना ओळखीचे वाटावे असे असले, तरी ते त्यावरील दोन उपकरणांच्या नावांतून जुळवलेले होते: ‘आर्गोस’ आणि ‘अल्टिका’. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत अल्टिकाला मान मिळाला, आणि ते योग्यही होते. समुद्रपृष्ठाची उंची अवकाशातून मोजणारे ते उपकरण होते. आर्गोसच्या वाट्याला एखाद-दुसरी ओळ आली. वस्तुतः आर्गोस हा एक कान आहे. समुद्रावर तरंगणारी मापनयंत्रे, कासवे, पक्षी आणि मासे यांच्या अंगावरील छोट्या प्रक्षेपकांची क्षीण कुजबुज ऐकणे एवढेच त्याचे काम.

यांपैकी शेवटचा शब्द चमत्कारिक आहे. पक्षी आकाशात असतो, कासव श्वासासाठी वर येते. पण आयुष्यभर पाण्याखाली राहणारा मासा उपग्रहाशी बोलणार कसा? ‘माशाला जीपीएस लावला’ अशी वाक्ये वर्तमानपत्रांत सर्रास आढळतात, आणि ती जवळजवळ नेहमीच चुकीची असतात. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते. म्हणूनच रेडिओलहरी त्यात टिकत नाहीत. आर्गोसचे प्रक्षेपक सुमारे 401 मेगाहर्ट्झ वारंवारितेवर बोलतात. या लहरी समुद्राच्या पाण्यात काही सेंटिमीटरांतच विझून जातात. जीपीएसच्या लहरींची वारंवारिता याहून अधिक, त्यामुळे त्यांची गत याहून वाईट. मासा वीतभर खाली गेला, की उपग्रहाच्या दृष्टीने तो अस्तित्वातच नसतो. माशांचा माग काढण्याचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास हा या एका अडचणीला वळसा घालण्याचा इतिहास आहे. आणि तो केवळ उपकरणांचा इतिहास नाही, कारण ज्या ज्या वेळी माशाची वाट नकाशावर उमटली, त्या त्या वेळी माणसाने आधीच आखून ठेवलेली एखादी रेषा अडचणीत आली.

सुरुवात साध्या चिठ्ठीपासून झाली. मासा पकडायचा, त्याच्या पाठीत क्रमांक असलेली एक बारीक पट्टी खोचायची आणि तो सोडून द्यायचा. पुढे कुणाच्या गळाला तो लागला, तर पट्टी परत येते. अमेरिकेतील वुड्स होल सागरविज्ञान संस्थेच्या फ्रँक मॅथर यांनी 1954 मध्ये हौशी मासेमारांना हाताशी धरून ट्यूना आणि तलवारमाशासारख्या मोठ्या माशांना अशा चिठ्ठ्या लावण्याचा उपक्रम सुरू केला. पद्धत स्वस्त होती, आणि आजही ती वापरात आहे. तिची मर्यादा मात्र मूलभूत होती. चिठ्ठीतून दोनच बिंदू मिळतात, सोडल्याचा आणि पुन्हा सापडल्याचा. मधली सारी वाट कोरी. त्याहून गंभीर बाब अशी, की चिठ्ठी तेथूनच परत येते, जेथे नौका जातात. जेथे कुणी मासेमारी करत नाही तेथे मासा गेला होता का, याचे उत्तर ही पद्धत कधीच देऊ शकत नाही. दिव्याखाली किल्ली शोधणाऱ्या माणसाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. येथे किल्ली दिव्याखालीच आहे असा निष्कर्ष काढला जाण्याचा धोका होता. पुढे तसेच घडले.

रेडिओ चालत नसेल तर ध्वनी चालतो. पाण्यात ध्वनी हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो आणि दूरवर पोहोचतो. 1950 च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेच्या वायव्य भागात सॅमन माशांवर स्वनातीत ध्वनी सोडणारे पहिले टॅग बसवले गेले. नदीवर नवी धरणे उभी राहत होती आणि अंडी घालण्यासाठी उलट्या प्रवाहात चढणारे सॅमन ती कशी ओलांडतात, हे जाणून घेणे निकडीचे होते. नदीला दोन काठ असतात, म्हणून तेथे हे साधले. खुल्या समुद्रात ध्वनीटॅगचा माग काढायचा, तर जहाजाने माशाच्या मागोमाग रात्रंदिवस फिरावे लागे. वुड्स होलचेच फ्रँक केरी यांनी 1970 च्या सुमारास नेमके हेच केले. त्यांच्या टॅगचा ध्वनी तापमानानुसार बदलत असे. अटलांटिकमधील ब्लूफिन ट्यूना गार पाण्यात उतरला, तरी त्याच्या शरीरातील ऊब जवळपास तशीच राहते, हे त्यांनी मोकळ्या पोहणाऱ्या माशावरच दाखवून दिले. मासा म्हणजे शीतरक्ताचा प्राणी, या शालेय व्याख्येला त्यातून मोठा अपवाद मिळाला. पण असा पाठलाग काही तासांचा, फार तर काही दिवसांचा. वर्षभराच्या स्थलांतराचे कोडे त्याने सुटणार नव्हते.

उपग्रहाशी पहिले यशस्वी संभाषण एका अशा माशाने केले, ज्याला पृष्ठभागाजवळ राहणे आवडते. बास्किंग शार्क हा जगातील आकाराने दुसऱ्या क्रमांकाचा मासा. तोंड उघडे ठेवून पाण्यातील सूक्ष्म प्लवक गाळत तो संथपणे फिरतो. 1982 मध्ये स्कॉटलंडच्या क्लाइड खाडीत आय. जी. प्रीड यांनी अशा एका शार्कला दोरीने एक तरंगता प्रक्षेपक बांधला. मासा वर आला, की प्रक्षेपक पाण्याबाहेर डोके काढी आणि आर्गोस त्याची हाक ऐके. आर्गोस तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता. उपग्रह जवळ येताना संदेशाची वारंवारिता किंचित वाढते आणि दूर जाताना घटते. रेल्वेच्या शिटीचा स्वर फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला बदलताना ऐकू येतो, तसाच हा प्रकार. त्या फरकावरून प्रक्षेपकाची जागा काढता येते. तो शार्क सतरा दिवस मागावर राहिला. जगातील बहुतेक मासे मात्र इतके समजूतदार नाहीत. ट्यूना महिनोन् महिने पृष्ठभागाला नीट शिवतही नाही.

येथे विचाराची दिशा उलटली. माशाचा ठावठिकाणा बाहेरून ऐकण्याचा नाद सोडावा आणि माशालाच रोजनिशी लिहू द्यावी, अशी ही नवी दिशा होती. रोजनिशीत जागा कशी लिहायची? त्याचे उत्तर खलाशांना शतकांपूर्वीच सापडले होते: अचूक घड्याळ आणि सूर्य.

पंचांगात प्रत्येक दिवसाचे दिनमान दिलेले असते. दिनमान अक्षांशाप्रमाणे बदलते. जूनमध्ये जितके उत्तरेला जावे तितका दिवस लांबतो. म्हणजे दिवस किती मोठा होता हे कळले, की अक्षांश काढता येतो. सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्या बरोबर मधला क्षण म्हणजे स्थानिक मध्यान्ह. तो ग्रिनिचच्या वेळेनुसार कधी आला हे कळले, की रेखांश मिळतो, कारण पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. कोलकात्यात मुंबईपेक्षा सुमारे एक तास आधी मध्यान्ह होते. दोन्ही शहरांच्या रेखांशांतील फरक साडेपंधरा अंशांच्या आसपास आहे, त्याचाच हा हिशोब. तेव्हा माशाच्या अंगावर एक घड्याळ, एक प्रकाशमापक, जोडीला दाब आणि तापमान मोजणारे संवेदक, आणि या साऱ्या नोंदी साठवणारी स्मृती एवढे बसवले, की रोजनिशी तयार. 1990 च्या आसपास हत्तीसीलवर ही कल्पना पारखली गेली आणि त्या दशकात ती ट्यूनावर आली. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेने दक्षिणी ब्लूफिन ट्यूनाच्या पोटात असे टॅग शस्त्रक्रियेने बसवण्यात आघाडी घेतली.

कागदावर सोपी दिसणारी ही रीत समुद्रात फार चकवते. मासा पहाटे खोल बुडी मारतो आणि सांजवेळी वर येतो. पहाट नेमकी कधी झाली, हे मग शंभर मीटर पाण्याच्या जाडीतून ओळखावे लागते. 21 मार्च आणि 23 सप्टेंबरच्या आसपास तर पृथ्वीवर सर्वत्र दिवस व रात्र समान असतात, त्यामुळे दिनमानावरून अक्षांश सांगणे अशक्यच होते. त्या दिवसांत मासा गायब होत नाही, पण गणित गायब होते. यावर उपाय म्हणून टॅगने नोंदवलेले पृष्ठभागाचे तापमान उपग्रहांनी मोजलेल्या तापमानाशी ताडून पाहतात. एवढे करूनही रेखांशात अंशभर आणि अक्षांशात दोनेक अंशांची चूक सामान्य मानली जाते. मुंबई आणि रत्नागिरी यांच्या अक्षांशांत दोन अंशांचाच फरक आहे. म्हणजे मासा मुंबईसमोर होता की रत्नागिरीसमोर, हे ठामपणे सांगता येत नाही. नकाशांवर रेखीवपणे काढलेल्या त्या वळणदार रेषा पाहताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

आणि ही रोजनिशी हाती यायची, तर मासा पुन्हा पकडला जायला हवा. कोट्यवधी माशांच्या समुद्रात पुन्हा तोच दिव्याखालचा शोध.

या शेवटच्या अडचणीवरची तोड विलक्षण साधी निघाली. मासा वर येत नसेल, तर टॅगच वर यावा. टॅगला तरंगणारा फुगीर भाग जोडला आणि तो माशाच्या पाठीत रोवलेल्या टोकाशी धातूच्या एका बारीक कडीने बांधला. ठरलेली तारीख उजाडली, की टॅग त्या कडीतून विद्युतप्रवाह सोडतो. खारे पाणी बाकीचे काम करते. कडी विरघळते, टॅग सुटतो, वर येतो आणि अँटेना आकाशाकडे करून बोलू लागतो. ज्या खारेपणाने रेडिओची वाट अडवली होती, तोच आता टॅगची बेडी तोडू लागला. अर्थात बोलण्यावरही बंधन आहेच. आर्गोसचा एक संदेश 256 बिटांचा, म्हणजे 32 बाइटांचा असतो. आजच्या संगणकीय लिपीत मराठीची दहा अक्षरे लिहिली, की ही जागा संपते. विजेरी संपण्यापूर्वी, उपग्रह डोक्यावरून जाताना मिळणाऱ्या त्या थोड्या मिनिटांत महिन्यांची कहाणी अशा चिटोऱ्यांतून सांगायची. म्हणून टॅग सगळे सांगत नाही; सारांश सांगतो. तो टॅग पुढे वाहत जाऊन कुणाला वाळूत सापडला आणि त्याने तो परत पाठवला, तरच पूर्ण रोजनिशी वाचायला मिळते.

1997 मध्ये अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायना राज्यातील हॅटेरस भूशिराजवळ बार्बरा ब्लॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 37 ब्लूफिन ट्यूनांना असे टॅग लावले. ते तीन ते नव्वद दिवसांनी सुटण्यासाठी बेतलेले होते. 37 पैकी 35 टॅगांनी उपग्रहाला उत्तर दिले. चिठ्ठ्यांच्या पद्धतीत शंभरातल्या थोड्याच परत येत. तेथे हे प्रमाण पाहून किती आनंद झाला असेल, याची कल्पना प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कुणालाही करता येईल. त्याच वर्षी मॉली लटकावेज यांच्या गटाने मेनच्या आखातात पूर्ण वाढ झालेल्या 20 मोठ्या ब्लूफिनांना टॅग लावले आणि त्यांतील 17 बोलले. या माशांनी अडचणीची गोष्ट सांगितली. जो काळ अंडी घालण्याचा मानला जातो, त्या काळात त्यांतील बरेचसे ज्ञात प्रजननस्थळांपासून दूर, भर अटलांटिकमध्ये होते.

ही गोष्ट अडचणीची का होती, यासाठी थोडे मागे जावे लागेल. अटलांटिक ट्यूनाच्या संवर्धनासाठी असलेल्या ‘इकॅट’ या आंतरराष्ट्रीय आयोगाने 1981 मध्ये महासागर दोन भागांत वाटला होता. 45 अंश पश्चिम रेखांशावर एक रेषा काढली गेली. पलीकडचा पश्चिम साठा मेक्सिकोच्या आखातात अंडी घालतो, अलीकडचा पूर्व साठा भूमध्य समुद्रात, आणि दोघांची सरमिसळ नगण्य, असे गृहीतक होते. चिठ्ठ्यांवरून एवढेच दिसत होते. या रेषेच्या दोन बाजूंना वेगवेगळे वाटे ठरले. 2000 च्या दशकाच्या मध्यास पूर्वेचा वार्षिक कोटा 32,000 टन आणि पश्चिमेचा 2,700 टन होता. ब्लूफिन हा काही साधा मासा नव्हे. त्याच्या पॅसिफिकमधील भावंडाच्या 278 किलोंच्या एका नगाला जानेवारी 2019 मध्ये टोकियोच्या लिलावात 33 कोटी येनांहून अधिक भाव मिळाला. पश्चिमेचे मासेमार आपला कोटा निमूटपणे पाळत होते आणि तरीही त्यांचा साठा सावरत नव्हता. का, याचे उत्तर कुणाजवळ नव्हते.

2005 मध्ये ब्लॉक आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये 772 इलेक्ट्रॉनिक टॅगांचा निष्कर्ष मांडला. पश्चिमेस टॅग लावलेले मासे 45 अंशांची रेषा ओलांडून पूर्वेस जात होते, तेथे महिनोन् महिने चरत होते आणि त्यांतले काही भूमध्य समुद्रात अंडी घालायलाही जात होते. प्रजननापुरते दोन साठे खरोखर वेगळे होते. पण चरण्याच्या मैदानांवर दोन्ही एकत्र मिसळत होते. याचा व्यावहारिक अर्थ असा, की पश्चिमेच्या तुटपुंज्या साठ्यातील मासा रेषेपलीकडे गेला, की पूर्वेच्या प्रचंड कोट्यात कायदेशीरपणे मारला जात होता. चूक कुणा एका मासेमाराची नव्हती. चूक रेषेची होती.

पुरावा समोर आला म्हणजे निर्णय लगेच बदलतो, अशी समजूत विज्ञानाच्या विद्यार्थ्यांत असते. येथे तसे घडले नाही. 2010 मध्ये ब्लूफिनचा आंतरराष्ट्रीय व्यापार थांबवावा, हा मोनॅकोचा प्रस्ताव दोहा येथे फेटाळला गेला. त्यानंतर पूर्वेचे कोटे कमी केले गेले आणि साठा सावरू लागला, हे खरे. पण दोन साठ्यांची सरमिसळ हिशोबात धरणारी व्यवस्थापनपद्धती इकॅटने स्वीकारली ती नोव्हेंबर 2022 मध्ये. म्हणजे त्या निबंधानंतर सतरा वर्षांनी. मध्यंतरी लटकावेज यांच्या जुन्या शंकेलाही वजन मिळाले. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याबाहेरील समुद्रात ब्लूफिनची अळीरूप पिल्ले सापडल्याचे 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. अंडी घालण्याची जागा दोनच, हे गृहीतकही डळमळले. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही, आणि तो मिटलेला नाही हेच बरे. कारण त्या वादात कोट्यांचे कोट्यवधी डॉलर गुंतलेले आहेत आणि घाईने मिटवलेला वाद कुणाला तरी महाग पडेल.

अटलांटिकबाहेरही हेच तंत्र वापरले जाऊ लागले होते. नोव्हेंबर 2003 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एका मादी ग्रेट व्हाइट शार्कला पॉप-अप टॅग लावला गेला. संशोधकांनी तिला अभिनेत्री निकोल किडमनवरून निकोल हे नाव दिले होते. 99 दिवसांनी टॅग सुटला आणि बोलू लागला तो थेट पश्चिम ऑस्ट्रेलियाजवळून. सुमारे 11,000 किलोमीटर अंतर कापून तिने संपूर्ण हिंदी महासागर ओलांडला होता. ऑगस्ट 2004 मध्ये तीच निकोल, पाठीवरील पंखाच्या कडेवरील खाचांवरून ओळखली जाऊन, पुन्हा दक्षिण आफ्रिकेत दिसली. टॅग नसताना केवळ छायाचित्राने परतीचा पुरावा दिला. किनाऱ्यालगत राहणारा प्राणी म्हणून ज्या देशाने तिला संरक्षण दिले होते, त्या देशाच्या कायद्याची हद्द तिने केव्हाच मागे टाकली होती.

हिंदी महासागराचा विषय निघाला, की सौराष्ट्राचा किनारा येतो. वेरावळ, सूत्रापाडा, मांगरोळ या भागात थंडीच्या दिवसांत व्हेल शार्क येतात. हा जगातील सर्वांत मोठा मासा. बास्किंग शार्कप्रमाणेच प्लवक गाळून जगणारा, निरुपद्रवी. तेथील मच्छीमार त्याला ‘बॅरल’ म्हणत, कारण आकडा रुतवल्यावर तो बुडू नये आणि दमावा म्हणून दोराला पिंपे बांधली जात. त्याच्या यकृताचे तेल नौकांच्या लाकडाला पाणी लागू नये म्हणून वापरत. 1990 च्या दशकात मांसाची निर्यात सुरू झाली आणि शिकार शेकड्यांच्या घरात गेली. 2000 मध्ये माइक पांडे यांच्या ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ या माहितीपटाने ही कत्तल लोकांसमोर आणली. 2001 मध्ये व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. असे संरक्षण लाभलेला तो भारतातील पहिला मासा.

कायदा झाला, पण मच्छीमाराला तो ठाऊक असायला हवा आणि पटायलाही हवा. 2004 मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने गुजरात वनविभाग आणि टाटा केमिकल्स यांच्या साथीने मोहीम सुरू केली, तेव्हा कथाकार मोरारी बापूंनी तिला एक उपमा दिली. हा मासा म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक. तिला मारायचे नसते. गुजरातीत तिचे नाव पडले ‘व्हाली’, म्हणजे लाडकी. या एका उपमेने जे केले ते दंडाच्या भीतीने झाले नसते. मच्छीमार स्वतःची महागडी जाळी कापून मासा सोडू लागले. कापलेल्या जाळ्याची भरपाई राज्य शासनाने देऊ केली. तेव्हापासून शेकडो व्हेल शार्क असे सुटले आहेत.

विज्ञानाच्या बाजूने पाहता या सुंदर उपमेत एक विधान दडलेले आहे, आणि ते तपासून पाहता येण्याजोगे आहे. व्हेल शार्क खरोखर येथे प्रसूतीसाठी येते का? या माशाच्या पुनरुत्पादनाविषयी जगाला किती थोडे ठाऊक आहे, हे ऐकून आश्चर्य वाटेल. सविस्तर अभ्यासलेली गर्भवती मादी आजवर एकच. 1995 मध्ये तैवानजवळ पकडलेली. तिच्या उदरात सुमारे 300 भ्रूण होते. मासे अंडी घालतात, पण व्हेल शार्कची अंडी पोटातच उबतात आणि जिवंत पिल्ले जन्मतात, हे त्या एका मादीमुळे ठरले. जगातील बहुतेक ठिकाणी जेथे व्हेल शार्क जमतात तेथे मुख्यतः वयात न आलेले नर दिसतात. मग माहेर कुठले?

हे टॅगच सांगू शकतो. 2011 मध्ये गुजरात किनाऱ्याजवळ व्हेल शार्कला उपग्रह टॅग लावण्याचे काम सुरू झाले. जाळ्यात अडकलेला मासा, त्याला सोडवायला आलेले मच्छीमार आणि घाईघाईने पोहोचलेले संशोधक, अशा प्रसंगातच ते होते. एका टॅगची किंमत लाखो रुपयांत आणि तो मुदतीआधीच निखळण्याची शक्यता मोठी. हे दुखणे जगभरचे आहे. थोड्या टॅगांवरून माहेराचा निकाल लागत नाही. मोहिमेच्या यशाने भारावून उपमेलाच निष्कर्ष मानण्याचा मोह येथे होतो, आणि काही लेखांत तो दिसतोही. उपमेने मासे वाचवले. तिने सिद्ध मात्र अजून काही केलेले नाही.

माग काढण्याची दुसरी एक वाट येथे उपयोगी पडते, आणि ती खगोलशास्त्रातून आली आहे. व्हेल शार्कच्या काळपट पाठीवर पांढरे ठिपके असतात आणि त्यांची मांडणी प्रत्येकात निराळी. 2005 मध्ये संगणकतज्ज्ञ जेसन होल्मबर्ग, नासातील खगोलभौतिकज्ञ झावेन अर्झुमानियन आणि सागरजीवशास्त्रज्ञ ब्रॅड नॉर्मन यांनी ताऱ्यांच्या छायाचित्रांतील आकृती जुळवण्यासाठी 1986 मध्ये तयार झालेली गणिती रीत या ठिप्यांना लावली. दोन ठिकाणची छायाचित्रे दिली, की मासा तोच का, हे संगणक सांगतो. रात्रीच्या आकाशाचा नकाशा वाचण्याची युक्ती माशाच्या पाठीवर चालावी, यात भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला विशेष गंमत वाटेल.

ट्यूनाच्या बाबतीत भारतासमोरचा प्रश्न अधिक व्यावहारिक आहे. कोकणात कुपा आणि गेदर या नावांनी ज्यांच्या जाती ओळखल्या जातात, त्या ट्यूनांवर लक्षद्वीपची अर्थव्यवस्था मोठ्या प्रमाणात उभी आहे. तेथे आजही काठी आणि गळ वापरून एकेक मासा पकडला जातो. 2005 पासून हिंदी महासागर ट्यूना आयोगाच्या प्रकल्पात मुख्यतः टांझानियाच्या किनाऱ्याबाहेर 1,68,000 हून अधिक ट्यूनांना साध्या चिठ्ठ्या लावल्या गेल्या. जोडीला लक्षद्वीप, अंदमान आणि मालदीव येथेही छोटे प्रकल्प झाले. हे मासे एका देशाच्या समुद्रात थांबत नाहीत, हे त्यातून पुन्हा दिसले. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेने केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आणि भारतीय मत्स्य सर्वेक्षण यांच्यासोबत ‘सॅट-ट्यूना’ हा प्रकल्प हाती घेतला आणि पिवळ्या पंखांच्या ट्यूनाला पॉप-अप टॅग लावले. इन्कॉइस मच्छीमारांना रोज संभाव्य मासेमारी क्षेत्रांची सूचना देते. ती उपग्रहांना दिसणाऱ्या तापमानावर आणि हरितद्रव्यावर आधारलेली असते. उपग्रहाला समुद्राची कातडी दिसते. ट्यूना किती खोल आहे, दिवसा कुठे आणि रात्री कुठे, हे तिला केवळ टॅगच सांगू शकतो, आणि गळ किती खोल सोडायचा हे त्यावर ठरते.

यामागे आणखी एक हिशोब आहे. 2015 च्या मूल्यमापनात हिंदी महासागरातील पिवळ्या पंखांचा ट्यूना अतिमासेमारीखाली असल्याचे आढळले आणि त्यानंतर कोणी किती कमी पकडावे, याची घासाघीस सुरू झाली. एका बाजूस दूरदेशीची मोठी जाळी, दुसऱ्या बाजूस किनाऱ्यावरील लाखो लहान मच्छीमार. मासा कुणाच्या समुद्रात जन्मतो, कुणाच्या समुद्रात वाढतो आणि कुणाच्या ताफ्याला सापडतो, याचा पुरावा ज्याच्याकडे असेल, त्याचे म्हणणे त्या टेबलावर ऐकले जाईल. अटलांटिकमध्ये हा पुरावा शेकडो टॅगांनी मिळाला. भारताच्या भोवतीच्या समुद्रातील टॅगांची संख्या त्या तुलनेत फार थोडी आहे. कान आपण अवकाशात नेले. बोलणारे मासे मात्र अजून मोजकेच आहेत.

26 नोव्हेंबर 2022 रोजी पीएसएलव्ही-सी54 ने ईओएस-06, म्हणजेच ओशनसॅट-3, कक्षेत नेला. त्याच्यावर समुद्राचा रंग, तापमान आणि पृष्ठभागावरील वारे मोजणारी भारतीय उपकरणे आहेत आणि शेजारी आर्गोसचा नव्या पिढीचा ग्राहकही आहे. म्हणजे जो उपग्रह मच्छीमाराला मासे कुठे मिळतील याची माहिती पुरवतो, तोच कुठल्यातरी सुटलेल्या टॅगची 32 बाइटांची कुजबुजही ऐकतो. इकडे सौराष्ट्रात मोहिमेच्या लोकांनी मच्छीमारांना पाण्यात चालणारे कॅमेरे वाटले आहेत. संशोधक पोहोचेपर्यंत थांबावे लागू नये म्हणून जाळे कापताना नौकेवरचाच कुणीतरी छायाचित्र काढतो. ते दाखवून भरपाई मागता येते, आणि ठिपके स्पष्ट आले असतील, तर पुढच्या थंडीत तीच व्हाली परत आली का, हेही त्याच छायाचित्रावरून ताडून पाहता येते.